ताराआक्कानं फौजदाराला सांगितलेला सिनेमा

आमची ताराआक्का पोलिसांशी धडधडीत खोटं बोलली होती.

तेव्हा ती नवी नवरी होती.

आज सकाळी बेळगावजवळच्या कंग्राळीत ती वारली. माझ्या आजोबांची धाकटी बहीण. नव्वदी ओलांडलेली, पण ही स्टोरी सांगताना आवाज एकदम कडक.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. धान्यावर रेशन. शेजारचं शहापूर तेव्हा संस्थानात आणि बेळगाव ब्रिटिशांकडं. इकडचा तांदूळ तिकडं नेला की गुन्हा.

एका रविवारी आप्पांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला कॅम्पात इंग्रजी सिनेमाला नेलं. आक्काचा पहिलाच सिनेमा. एक दरोडेखोर, त्याची बायको आणि मागावर पोलीस.

दिवे गेले तसे आप्पा म्हणाले, "आलोच."

आले ते सिनेमा सुटल्यावर. घामानं चिंब.

"कुठं गेलतासा?"

"चल घरला."

दुसऱ्या दिवशी फौजदार दारात. काल सायकलवरनं शहापूरला तांदूळ गेला, आणि त्याचा डाऊट आप्पांवर.

"आम्ही सिनेमाला गेलतो, साहेब."

"अस्सं? मग शेवट सांग."



आक्का पदर सावरत उंबऱ्यात आली. "ह्ये काय सांगणार, साहेब? आख्खा वेळ घोरत व्हते! मी सांगते."

"तुला इंग्रजी कळतं?"

"बंदुकीला भाषा लागती व्हय?"

आणि तिनं सगळा सिनेमा सांगितला. मोटार कशी पळवली, दोघं रानात कशी लपली. शेवटी दोघांनाही गोळ्या घातल्या.

"तिला कशाला मारलं?"

"तिनं नवऱ्याला सोडलं न्हाय, म्हणून."

फौजदारानं डायरी मिटली. मग आप्पांकडं वळला.

"परत सिनेमाला गेलास तर जागा राहा."

तो गेल्यावर आक्कानं दार लावलं. "आता मला खरं सांगा."

"तांदूळच व्हता गं. शहापूरच्या बहिणीच्या घरात दाणा न्हवता."

मी एकदा विचारलं, "आक्का, पटलं तुला?"

"न्हाय रं. बहिणीकडनं आलेला माणूस बायकोच्या नजरेला नजर का देत न्हाय?"

संसार झाला, पोरं झाली, नातवंडं झाली. आप्पाही गेले. तिचा संशय काही गेला नाही.

"मग परत सिनेमाला गेलीस का न्हाय?"

"गेलते की! त्येंच्या धोतराचा सोगा मुठीत धरून बसले. दिवे लागंस्तवर सोडला न्हाय."

आक्का, सुखानं जा.

आप्पा भेटले की आधी खरं काय ते विचारून घे.