जिभेची नोकरी

माझी मावशी वेफर्सच्या कारखान्यात चव घ्यायचं काम करायची. हे ऐकलं की लोक हसायचे. "नुसतं बसून खायचं? आम्हालाही चिकटवा की कुठेतरी!" मावशी म्हणायची, "या खुशाल, चार दिवसांत तोंडाला फेस येईल." पण ते वरवरचं. तिला ते काम मनापासून आवडायचं. पांढऱ्या खोलीत फळ्या मारून खण पाडलेले, प्रत्येक खणात एक स्टूल, पाण्याचा ग्लास आणि थुंकायला वाटी. समोरच्या झडपेतून बशी आत सरकायची. खायचं आणि सांगायचं: मीठ जास्त झालंय का, कुरकुरीतपणा टिकतोय का, आणि मुख्य म्हणजे, आणखी एक घ्यावासा वाटतो का. नियम थुंकायचा होता. मावशी गिळायची.

फुटक्या मालाच्या पिशव्या घरी यायच्या. काका, म्हणजे तिचे यजमान, क्रेन चालवायचे. संध्याकाळी टीव्हीसमोर बसले की पिशवी रिकामी होईपर्यंत त्यांचा हात थांबत नसे. डॉक्टरांनी रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढल्याचं सांगितलं, पावलांना मुंग्या येऊ लागल्या, तरी "एवढी संपवतो" चालूच. मावशी त्यांना हावरट म्हणायची. काका ऐकून घ्यायचे आणि खात राहायचे.

मग कंपनीने एक प्रयोग करायचं ठरवलं. खाण्याच्या नुसत्या चाहुलीनं मेंदूत काय होतं ते बघायचं. माणसं हवी होती. मावशी हौसेनं पुढे झाली. इस्पितळातल्या मोठ्या यंत्रात तिला आडवं घातलं, डोळ्यांवर आरसा, कानांवर हेडफोन. आरशात चित्रं दिसायची: खुर्ची, बूट, उकडलेला बटाटा. मग कानात पाकीट फाडल्याचा आवाज आला. बस, एवढंच.

बाहेर आल्यावर तिने हट्टच धरला, "मला माझं डोकं दाखवा." यंत्रावरची डॉक्टरीण हसली आणि दुसऱ्या दिवशी या म्हणाली. मावशी गेली. पडद्यावर अक्रोडासारखं काहीतरी करडं दिसत होतं, आणि त्यात खोलवर एक नारिंगी निखारा.

"हे पाकीट फाडल्याच्या आवाजाचं," डॉक्टरीण म्हणाली.

"पण मी काही खाल्लं कुठे होतं?"

"नाहीच खाल्लं. ह्याला आधीच कळलं."

"आणि बटाट्याला?"

डॉक्टरणीने दुसरं चित्र लावलं. तिथे जेमतेम एक ठिणगी होती.

मावशी खुर्चीत बसायचंच विसरली. मला नंतर म्हणाली, "अगं, इतकी वर्षं हे डोकं मानेवर वागवलं, पण आत एवढं कुणी जागं बसलंय हे मला ठाऊकच नव्हतं!"

तिचं भारावलेपण उतरायच्या आतच कारखान्यात बैठक झाली. साहेबांनी तेच चित्र भिंतीवर लावलं आणि खुशीत म्हणाले, "नव्या मालाने हा ठिपका आणखी मोठा व्हायला हवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीने मात्र नाही.

त्या संध्याकाळी ती काकांशेजारी जाऊन बसली. त्यांचा हात पिशवीत होता. "तुम्हाला उगाच हावरट म्हणाले हो," ती म्हणाली. "शहाणी शहाणी माणसं दिवसभर खपतात, हा हात थांबू नये म्हणून. मीही त्यांतलीच." काकांनी हात बाहेर काढला आणि पिशवीची घडी घातली.

पुढचे दिवस वाईट गेले. काका कारण नसताना खेकसायचे, कपाटं उघडून बघायचे. एकदा कामावर अख्खं पाकीट संपवून आले आणि घरी येऊन स्वतःच सांगितलं. मावशी रागावली नाही. तीही आता खणात बसून नियमाप्रमाणे थुंकू लागली होती, आणि ते गिळण्याहून कितीतरी अवघड होतं.

मग एके दुपारी तिचा मला फोन आला.

"गाजर गोड असतं गं!"

"असतंच की, मावशी."

"नाही, तुला नाही कळायचं. साखरेसारखं गोड! आणि मागून मातीचा वास येतो. हे इतके दिवस कुठे होतं?" ती चक्क रडत होती.

पण जीभ अशी जागी झाल्यावर नोकरी कशी टिकणार? समोर येईल ती बशी तिला खारट लागायला लागली. शेवटी साहेबांनी बोलावून घेतलं. "बाई, तुमची जीभ बिघडली."

"बिघडली नाही साहेब, ताळ्यावर आली."

तिला खोकी बांधायच्या विभागात टाकलं. दिवसभर उभं राहायचं काम, गुडघे बोलायला लागले. काकांची साखर उतरली, पण पावलांच्या मुंग्या गेल्या नाहीत. त्या बहुधा जाणारही नाहीत, असं डॉक्टर म्हणतात.

परवा सुट्टीच्या दिवशी मी गेले, तेव्हा दोघं जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. काकांनी एक कच्चा दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिले. मी काहीतरी बोलणार, तोच मावशीने सालांनी भरलेला हात वर करून मला गप्प केलं. ती त्यांच्याकडे अशी टक लावून पाहत होती, जणू कुणी नवं माणूस घरी आलं होतं.