मिल लेनची अकरा घरं

रफिकभाईंनी इंग्लंड कधी पाहिलेलं नाही. पण तिथल्या लिटल वेनफोर्ड नावाच्या खेड्यात, मिल लेनच्या तिसऱ्या घरात कोण राहायचं, ते त्यांना विचारा.

रफिकभाई मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. इथे आखातात, अल बर्शातल्या डोरोथी मॅडमची गाडी ते चौदा वर्षं चालवतात. आधी मॅडम शिकवायच्या त्या शाळेत, त्या निवृत्त झाल्यावर बाजारहाटाला. ट्रॅफिकमध्ये अडकलं की मॅडमचं हे इंग्लंडातलं गाव सुरू. चर्चची घंटा कोण वाजवायचं, सुगीनंतर हॉलमध्ये सगळ्या गावाचं जेवण कसं व्हायचं, त्याला ज्याने त्याने ताट-चमचा घरून कसा न्यायचा. मी मॅडमकडे दिवसभराच्या कामाला. मलाही सांगायच्या, पण मी मराठी शाळेतली, त्यांचं इंग्लिश निम्मंच कळायचं. नुसती मान हलवायचे.

फेब्रुवारीत मॅडमना अर्धांगाचा झटका आला. चालणं काठीवर आलं आणि बोलणं गेलंच. डॉक्टर म्हणाले, बोलतं करत राहा, येईल. पण मॅडमनीच नाद सोडला. मी आपली देवाचं नाव घेऊन सकाळचा चहा पुढे ठेवायचे.

अशात त्यांच्या गावाहून ईमेल आला. हॉलला शंभर वर्षं होताहेत, गावाचं पुस्तक काढतोय. रस्ता रुंद करताना मिल लेन पाडली, तिथली माणसं आठवणाऱ्या आता एकट्या तुम्हीच. शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर पुस्तक मिल लेनशिवाय छापावं लागेल. साहेबांनी, म्हणजे मॅडमच्या मुलाने, वाचून दाखवलं. मॅडमनी तोंड भिंतीकडे फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं. साहेब मला म्हणाले, "आई मला हे सगळं सांगायची, तेव्हा मी फोनवर असायचो."

मी खाली पार्किंगमध्ये गेले, रफिकभाईंना सांगितलं.

"मग अडलंय कुठे, ताई? अकराच्या अकरा घरं पाठ आहेत."

"फेकू नका."

"अल्लाकसम! प्रत्येक घरात मी आमच्या मोहल्ल्यातलं माणूस बसवलंय. पोस्टमनच्या घरी मोहिद्दीनचाचा. नाहीतर ही इंग्लिश नावं डोक्यात राहतात होय?"

गुरुवारी संध्याकाळी ते अल नहदातल्या आपल्या घरून लेकीला, फिझाला, लॅपटॉपसकट घेऊन आले. मॅडमना खुर्चीत बसवलं. रफिकभाई त्यांच्या ड्रायव्हरी इंग्लिशमध्ये सुरू झाले.

"अब्बा, स्लो डाऊन!"

"तू लिही गं. यल्ला, चल! तिसरं घर. हॉजेस बेकर. रविवारी लोक मांसाची भांडी त्याच्या भट्टीत ठेवून चर्चला जायचे. बायको एडिथ, एका पायाने लंगडी. पण लग्नात बिर्याणीचा डेग एकटी उतरवायची."

मॅडमची काठी फरशीवर आपटली.

"नो."

फेब्रुवारीपासूनचा त्यांचा पहिला शब्द.

"टू... लेग्ज," मॅडम म्हणाल्या.

रफिकभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! लंगडी ती आमची बिलकीसचाची!"

मॅडमचं तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, तरी त्या हसल्या. साहेब उठून बाल्कनीत गेले. परत आले तेव्हा डोळे लाल.

पुढे मग रफिकभाई बरेच चुकायला लागले. सहाव्या घरात त्यांनी पाद्रीबाबांना म्हैस दिली.

"पोनी!" मॅडम ओरडल्या.

"सॉरी मॅडम, पोनी."

त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा मिटला. तेव्हा मला कळलं, माणूस मुद्दाम चुकतोय. अकराव्या घरापर्यंत मॅडमचे वीसेक शब्द झाले. शुक्रवारी सकाळी साहेबांनी सगळं पाठवून दिलं.

पुस्तक आलं. मिल लेनला चार पानं आहेत. पण मॅडम ते फारसं उघडत नाहीत.

परवा व्यायामाला नेताना गाडीत बसल्या बसल्या त्यांनी रफिकभाईंच्या खांद्याला काठी लावली. "बिल...कीस. लेग?"

"ओ हो, ती मोठी स्टोरी आहे मॅडम. आंब्यावरून पडली," रफिकभाईंनी गिअर टाकला, "आंबा दुसऱ्याचा होता."

मी मागे बसले होते. रफिकभाईंच्या या गावातलं मात्र मला सगळं समजत होतं.