गुटी म्हणजे गोळी नव्हे

आधी तारखा आणि जबाबदार माणसे. मागाहून कोणी म्हणू नये की आरोप मोघम होते.

सन १९५४, कापसाचा हंगाम. जिंतूरच्या जिनिंगच्या आवारात माझ्या सख्ख्या बहिणीला परदेशी पाहुण्यांसमोर गुन्हेगार म्हणून उभे करण्यात आले. जबाबदार: आबकारी खात्याचे त्या वेळचे उपअधीक्षक. त्याच दिवशी, त्याच जागी, एका शब्दाची खोटी साक्ष दिली गेली. जबाबदार: तालुका नशाबंदी समितीचे अध्यक्ष. सन १९५५. तिचे चित्र भिंतींवर लागले आणि बाजारात दवंडी फिरली. जबाबदार: दोघेही. सन १९५६, नोव्हेंबर. आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला. माझ्या अर्जांची दाद मात्र कोणत्याच राज्याने घेतली नाही. सन १९६०, मे. महाराष्ट्र राज्य झाले. दिवे लागले, पेढे वाटले. चित्र तिथेच आहे.

आता घटना.

"मुन्शी, बच्ची की आँख खोलकर मेमसाहब को दिखाओ."

हे वाक्य उपअधीक्षकांनी मला उद्देशून उच्चारले. अफूने डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, ती त्यांना दाखवायची होती. मुन्शी म्हणजे मी. बच्ची म्हणजे माझी भाची सखू, चार महिन्यांची, आईच्या मांडीवर दूध पिऊन झोपलेली. आई म्हणजे माझी धाकटी बहीण धुरपदा. तिच्यासारख्या आणखी काही बाया ओळीने जमिनीवर बसवलेल्या. सगळ्या मेंढपाळांच्या घरच्या. समोर खुर्च्या. खुर्च्यांवर उपअधीक्षक, तहसीलचे अंमलदार, जिनिंगवाले शेठजी, आणि मधोमध परदेशातल्या एका मोठ्या मंडळाकडून पाहणीला आलेल्या विदुषी. त्या मंडळापुढे आपल्या देशाने शब्द दिला होता की अफूची चैन आम्ही कायमची बंद करू. तो शब्द कसा पाळला जात आहे हे पाहायला बाई परभणीहून मोटारीने आल्या होत्या.

मी कोण, हे सांगणे भाग आहे. आम्ही पिढ्यानपिढ्या मेंढरे राखणारे. मी उर्दूत शिकलो आणि निजामाच्या अमलात जिंतूरच्या कचेरीबाहेर अर्जनवीस म्हणून बसलो. लोकांची गाऱ्हाणी कायद्याच्या भाषेत लिहून देणे हा माझा धंदा. पोलीस ॲक्शननंतर नशाबंदीचे काम निघाले तेव्हा खात्याला गावोगाव बोलणारा माणूस हवा होता. मला प्रचारक नेमले. मी ते काम मनापासून केले, कारण अफूने काय होते ते मी पाहिले होते.

जिनिंगमध्ये कामाला येणाऱ्या बाया तान्ही लेकरे बरोबर आणतात. लेकरू रडले की हात थांबतो, हात थांबला की मुकादम ओरडतो. म्हणून कित्येक बाया लेकराला बाळगोळी देत. बाळगोळीत अफू असते. मोहरीएवढी गोळी, दिवसभर लेकरू गप. वर्षभराची होऊनही मान न धरणारी लेकरे मी हातांत घेतलेली आहेत. मी खात्याला लेखी उपाय सुचवला होता. आवारात एक छप्पर घाला, झोळ्या टांगा, एक वयस्क बाई राखणीला ठेवा आणि आयांना पाजायला सुट्टी द्या. गोळी आपोआप सुटेल. उत्तर आले की परदेशातल्या परिषदेत ठरलेल्या कलमांत छपराचा उल्लेख नाही.

बाळगुटी हा पदार्थ वेगळा. हिरडा, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग. आईच्या दुधात सहाणेवर एकेक वेढा उगाळायचे आणि बोटाने चाटवायचे. ब्राह्मणाच्या घरी देतात, वाण्याच्या घरी देतात, आमच्या पालावरही देतात. शेठजींच्या लेकरांनाही दिलेली असणार.

माझी बहीण गुटी देत होती. गोळी कधीच नाही. ते मीच तिला बजावले होते.

पाहुण्या येण्याच्या आदल्या दिवशी मला बोरीला सभेसाठी पाठवले आणि मागे आमच्या पालांवर धाड घातली. धाडीत सापडले काय? सहाणा. मुळ्या. वाट्या. उपअधीक्षक उत्तरेकडून आलेले, त्यांना मराठी येत नव्हती. बायांनी "गुटी हाय, साहेब" असे सांगितले. त्यांच्या भाषेत गुटी म्हणजे गोळीच. येथवर ती चूक होती. परमुलखातल्या माणसाची, माफ करण्याजोगी.

दुसऱ्या दिवशी सभेत मी ती चूक दुरुस्त केली. म्हणालो, "हुजूर, गुटी अलग, गोली अलग. गुटी में अफीम नहीं."

उपअधीक्षकांनी शेठजींकडे पाहिले. "क्यों सेठजी?"

शेठजी मराठी. जन्म जिंतूरचा. जिनिंग त्यांचे. मोंढ्यातले दुकान त्यांचे, आणि त्या दुकानात छापील कागदात बांधलेली बाळगोळी उघड विकली जात होती. घेणाऱ्या कोण? त्यांच्याच जिनिंगमधल्या बाया. नशाबंदी समितीचे अध्यक्षही तेच. त्यांनी उपरणे सारखे केले.

"वही है, हुजूर. एकच बात."

वही है. माझ्या बहिणीवरचा सगळा पुरावा तेवढाच. जप्त माल तपासणीला पाठवला नाही. पंचनाम्यावर पंच नाही. ज्याच्या दुकानात अफू, त्याचा शब्द ग्राह्य. ज्याच्या सहाणेवर हिरडा, त्याचा अग्राह्य.

मी पुन्हा तोंड उघडले तेव्हा उपअधीक्षक म्हणाले, "मुन्शी, तुम भी इन्हीं में से हो. अपनी जात की गवाही नहीं चलती." आणि मग ते वाक्य, बच्ची की आँख खोलो.

मी म्हणालो, "नहीं खोलूँगा."

मी हलत नाही हे पाहून त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायाने अंगठ्याने झोपलेल्या पोरीची पापणी वर केली, मेंढरू विकत घेताना करतात तशी. सखू दचकून जागी झाली आणि तिने असा टाहो फोडला की शेडमधल्या बाया काम सोडून दाराशी आल्या. अफू दिलेले लेकरू असे रडत नाही. त्याला रडता आले असते तर गोळीचा धंदाच चालला नसता.

उपअधीक्षक पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत काही म्हणाले आणि आमच्यासाठी हिंदीत म्हणाले, "देखिए, नशा उतर रहा है."

म्हणजे झोपली तरी अफू. रडली तरी अफू.

धुरपदाने पोरीला पदराखाली ओढले आणि मला विचारले, "दादा, ह्यो काय म्हनायलाय?"

शेजारची म्हातारी रखमाई म्हणाली, "तू लेकराला मारायलीस म्हनतोय, बाई."

"मी?" धुरपदा म्हणाली. "माझ्या लेकराला? आन त्या शेठला कुनी काय इचारत न्हाई व्हय? गोळ्या इकून इकून त्येचं पोट बगा की, नऊ म्हैन्याचं झालंय!"

बाया हसल्या. भीतीतसुद्धा हसल्या. शेठजींचा चेहरा उतरला. "ए मुन्शी, आवर तुझ्या बहिणीला," ते म्हणाले. माझ्यापेक्षा वयाने लहान असलेला हा माणूस, भर सभेत, अरे-तुरे.

मी आवरले नाही. मी टेबलाशी गेलो. जप्तीची सहाण तिथे ठेवली होती. मी वाटीतल्या पाण्यात हिरडा उगाळला. वेखंड उगाळले. वेढे मोजले नाहीत. सगळी सहाण गंधासारखी भरली. ती मी सर्वांच्या देखत चाटून साफ केली आणि हिंदीत म्हणालो, "मैं सभा ख़त्म होने तक यहीं खड़ा रहूँगा. झोंका भी आया तो मुझ पर मुक़दमा चलाइए. अब सेठजी अपनी दुकान से एक गोली मँगवाएँ और मेरे सामने खाएँ."

शेठजींनी खिशातून रुमाल काढला. गोळी आणायला कोणालाही पाठवले नाही.

पाहुण्या बाईंनी विचारले, हे काय चालले आहे? माझे इंग्रजी तोकडे. पण उपअधीक्षकांनी दिलेल्या उत्तरातले दोन शब्द मला कळले. कस्टम. वेलकम.

माझा निषेध त्यांनी इथली स्वागताची पद्धत म्हणून सांगितला.

बाई प्रसन्न झाल्या. उठल्या, मला हात जोडले. मग वाकून त्यांनी सहाणेवर उरलेल्या ओलीवर बोट फिरवले आणि जिभेला लावले. कडू लागली. तोंड वाकडे करून हसल्या. खुर्च्या हसल्या. टाळ्या झाल्या. एवढ्यात खात्याच्या छायाचित्रकाराने धुरपदाचा फोटो काढला. मांडीवर रडणारी पोर, वर पाहणारे तिचे डोळे.

आयुष्यात अपमान पुष्कळ गिळले. कचेरीच्या पायरीखाली बसून अर्ज लिहिले, पाणी वरून ओतून घेतले. पण माझा नकारसुद्धा माझा राहू दिला नाही, त्याला स्वागत करून टाकले, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. त्या टाळ्या वाजत असताना मी ठरवले की यापुढे माझे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून जाऊ द्यायचे नाही.

मला कामावरून काढले. कारण: शिस्तभंग.

पुढच्या वर्षी तो फोटो मोठा करून छापला. खाली अक्षरे: "आई की वैरीण?" मोटार स्टँडवर लागला, दवाखान्यात लागला, ताडकळसच्या बाजारातसुद्धा लागलेला मी पाहिला. जिंतूरच्या बाजारात हलगीवर दवंडी फिरली की मेंढपाळांच्या बाया लेकरांना अफू चारतात, त्यांना कामावर ठेवू नये. धुरपदाला जिनिंगच्या फाटकातून परत पाठवले. ती तेव्हापासून दुसऱ्याच्या रानात खुरपते. सखू आता शाळेत जाते. पोरी तिला नावाने हाक मारत नाहीत. अफीम म्हणतात.

आणि नशाबंदीचे काय झाले? ऐका. चित्राच्या भीतीने बायांनी सहाणा विहिरीत टाकल्या. गुटी गुन्हा आहे असे त्यांनी मानले. गोळी मात्र दुकानात, छापील कागदात, अध्यक्षांच्या हातून मिळते, म्हणजे ती सरकारमान्य असणार. जिने कधी गोळी दिली नव्हती तीही देऊ लागली. बोरीच्या एका बाईचे लेकरू गोळीने निळे पडले तेव्हा तिने दवाखान्यात नेले नाही. दाराशीच धुरपदाचे चित्र होते. आपलेही तसेच लागेल या भीतीने ती घरात बसून राहिली. ते लेकरू गेले. त्याचा खून कोणत्या कलमाखाली येतो हे मला सांगा.

मी हैदराबादेला लिहिले. उत्तर आले की चौकशी होईल. मुंबईला लिहिले. उत्तर आले की प्रकरण पूर्वीच्या राज्याचे आहे. जणू राज्य बदलले की बाईची अब्रू सरहद्दीपलीकडे राहते.

गेल्या महिन्यात शेठजींचा माणूस घरी आला. म्हणाला, "मुन्शीजी, शेठ म्हनतेत, गैरसमज झाला व्हता. चिठ्ठी लिहून देतो म्हनतेत. मिटवा आता, लय वर्षं झाली." धुरपदा तिथेच भाकरी थापत होती. तव्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "दवंडी बाजारात, आन माफी चुलीपाशी व्हय?"

माझ्या सगळ्या अर्जांत इतके नेमके वाक्य मला लिहिता आले नव्हते. ते मी माझी मागणी म्हणून येथे नोंदवतो.

शेठजी, तुम्ही जिंतूरच्या भर बाजारात, हलगी वाजवून, मराठीत, स्वतःच्या तोंडाने सांगा की गुटी म्हणजे गोळी नव्हे, हे तुम्हाला त्या दिवशीही माहीत होते. खात्याने ते चित्र दिवसाढवळ्या, लोकांच्या देखत उतरवावे, आणि ज्या भिंतींवर ते होते त्याच भिंतींवर माझ्या बहिणीचे निर्दोषत्व तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावावे. ज्या परदेशी मंडळाच्या बाईंसमोर हे घडले त्यालाही नव्या राज्य सरकारने खरे काय ते कळवावे. पाहुण्या बाईंनी स्वतः गुटी चाखली होती. त्या त्या दिवशी मोटारीत झोपल्या का, एवढे त्यांना विचारावे.

असे होईपर्यंत दर आठवडी बाजारी मी सहाण घेऊन तुमच्या दुकानासमोर बसेन, गुटी उगाळीन, येणाऱ्या प्रत्येक आईला फरक सांगेन. उठवायचे असेल तर अटक करा. खटला भरा. मला न्यायालयच हवे आहे.

जन्मभर मी टपालावर विश्वास ठेवला. आता नाही. उत्तर पत्राने पाठवू नका. आलेले पाकीट मी फोडणार नाही. बाजारात या आणि बोला.