शंख सरांच्याच हातात

मुरुडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि वरच्या माळ्यावर सरांचा इंग्रजीचा क्लास. रोज नोट्स टाकायला येतात, पण तोंड उघडत नाहीत. दोन बोटं वर केली की वीस प्रती, हे आपण समजून घ्यायचं.

सध्या ते एक कादंबरी शिकवतात. बेटावर अडकलेली मुलं हळूहळू एकमेकांच्या जिवावर उठतात. सरांनी तिचे मासळीसारखे वाटे घातलेत: त्यातला शंख म्हणजे लोकशाही, एका पोराचा चष्मा म्हणजे विज्ञान. टेबलावर खराखुरा शंखही ठेवलाय. ज्याच्या हातात शंख त्यानंच बोलायचं, असा त्यांचा नियम. आणि शंख कायम त्यांच्याच हातात.

एकदाच तो सुटला. मी प्रती द्यायला वर गेलो होतो. कोळीवाड्यातल्या एका मुलीनं शंख मागून घेतला. तिचे डोळे भरले होते.

"सर, त्या चष्मेवाल्या पोराला कोनी वाचवला कसा न्हाय?"

सरांनी तिचाच रडवेला सूर काढला. "कसा न्हाय? अगं, वाचवला असता तर 'निरागसतेचा अंत' कुठून आणला असता? चार मार्कांचा प्रश्न आहे तो!"

अख्खा वर्ग खदखदून हसला. दारात उभा असलेला मीसुद्धा हसलो. सरांनी शंख काढून घेतला आणि मुलगी मुकाट्यानं मुद्दे उतरवायला बसली.

परवा ती दुकानात आली, तेव्हा मी विचारलं, "त्या पोराचं पुढं काय झालं गं?"

"ते परीक्षेला येत न्हाय, काका."