सासऱ्यांची खोप

संप विरून गेला आणि माझे सासरे घरी बसले. बसले म्हणजे नावालाच. जन्मभर गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, रांगांमधून चालत राहिलेला माणूस, त्यांना एका जागी टेकवेना. भांडुपच्या आमच्या बैठ्या चाळीत सकाळपासून दार ते मोरी, मोरी ते दार. मी नवीनच लग्न होऊन आलेली. त्यांच्या पायांचा आवाज ऐकून मलाही चैन पडेना. भाकरी थापता थापता हात थांबायचे.

शेवटी त्यांनी चाळीमागे पत्र्याची खोप उभारली आणि तिच्यात स्टोव्ह दुरुस्त करायला लागले. घर जरा शांत होतंय तोवर चाळमालकाचा निरोप आला, की तिथे नव्या संडासाची टाकी खणायची आहे, खोप विहिरीपलीकडे हलवा.

"रविवारी पत्रे-वासे सुटे करून नेऊ," माझा नवरा म्हणाला.

"सुटी केलंस तर ती परत उभी रवाची नाय," सासरे म्हणाले. "खिळे गंजले हत. ही अशीच उचलूया."

रविवारी चाळीतले पुरुष जमले. खालून बांबू घालून त्यांनी खोप खांद्यावर घेतली. सासरे पुढे उलटे चालत, हातवारे करत. चाळीच्या टोकाला भिंत आणि फणसाचं झाड यांच्यामध्ये मात्र ती अडकली. पुढे जाईना, मागे येईना. वरचा पत्रा फांदीत रुतला होता. सगळ्यांनी जोर लावून पाहिला, मग फांदी तोडायला मालकाची परवानगी हवी म्हणत एकेक जण जेवायला गेला.

पाण्याच्या टाकीकडे जायची वाट तीच. शेजारची बाई हंडा घेऊन समोर उभी राहिली. "आता आम्ही जायचं कुठून, सांगा."

सासऱ्यांनी खोपीच्या मागचा पत्रा काढला आणि म्हणाले, "हयसून जावा."

मग काय, सगळी चाळ त्यांच्या खोपीतून ये-जा करायला लागली. पुढच्या दाराने आत, मागून बाहेर. इतक्या जवळून जाताना कोण न बोलता जाईल? कोणी स्टोव्ह ठेवून जाई, कोणी गावची खबर विचारी. दिवस गेले तरी फांदीचं कोणी नाव काढेना, आणि सासरेही आठवण करून देईनात. घरात येरझाऱ्या बंद झाल्या होत्या.

मालकच एकदा करवत घेऊन आला. संध्याकाळपर्यंत खोप विहिरीपलीकडे पोचली. तिथे चिटपाखरू फिरकत नसे. सासरे खोपीत जाऊन बसत, उठत, विहिरीभोवती फिरत. खिडकीतून मला ते दिसत.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर खोप उघडी आणि ते नाहीत. हाका मारल्या. ओ नाही. मागून सासूबाई आल्या, माझा दंड धरून उभ्या राहिल्या. त्या पुढे सरकेनात, म्हणून मीच काठाशी जाऊन विहिरीत वाकून पाहिलं. काळं पाणी आणि माझंच तोंड. आम्ही दोघी अनवाणीच निघालो.

पलीकडच्या चाळीत, एका उंबऱ्यावर ते बसलेले सापडले. मांडीत स्टोव्ह, बाजूला चहाचा कप.

"मामंजी, सांगून तरी यायचं," मी म्हटलं.

"थंय कोण येता गो?" ते मान वर न करता म्हणाले. "म्हणान मीच इलंय."

तेव्हापासून पिशवीत हत्यारं घालून ते चाळीचाळींतून फिरायला लागले. खोपीत माझी शिवणाची मशीन गेली. सासूबाईंनी त्या सकाळबद्दल त्यांना काही विचारलं नाही. फक्त रोज निघताना कुठल्या चाळीत जाणार ते सांगून जायचं, एवढं बजावलं. ते सांगत. आणि बऱ्याचदा भलत्याच चाळीत असत.