गोटा धुऊन घ्या

"पाणी आणा रे. गोटा धुऊन घ्या."

माइकवरून आवाज आला तेव्हा मी अजून गुडघ्यावरच होतो. पहिलवानाच्या हातून निसटलेला गोटा स्टेजच्या कडेकडे गडगडत निघाला होता. खाली पहिल्या रांगेत सोफे, सोफ्यांवर पाहुणे. मी कडेलाच उभा होतो. झेप घेतली, दोन्ही हातांनी गोटा अडवला, गुडघा फळीवर आपटला. पाहुण्यांचे पाय वाचले. मला वाटलं, आता टाळ्या पडतील. खरंच वाटलं. माणूस किती येडा असतो.

टाळ्या नाही, बादली आली. एकानं गोट्यावर पाणी ओतलं, टॉवेलनं पुसून काढला. स्पर्धा पुढे सुरू. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकललं नाही. दोन-चार जण गालात हसले, बाकीचे मोबाइलवर शूटिंग करत राहिले.

नांदुऱ्यापासून जवळच आमचं गाव. दर हिवाळ्यात इथे क्रीडा महोत्सव भरतो. कबड्डी, धावणं, रस्सीखेच आणि शेवटच्या दिवशी शरीरसौष्ठव आणि गोटा. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पार संग्रामपूरकडची पोरं बॉडी दाखवायला येतात. स्टेजमागच्या कनातीत एकमेकांच्या पाठीला गडद तपकिरी रंग फासतात, उजेडात स्नायू उठून दिसावेत म्हणून. मी बघत असतो. माझ्या कातडीच्या त्याच रंगावरून मला शाळेत काय काय ऐकावं लागलं ते माझं मला माहीत. ह्यांनी तो डबीतून काढून लावला की त्याला गुण मिळतात.

गोटा म्हणजे काळा गोल दगड, क्विंटलाच्या वर वजनाचा. वर्षभर मारुतीच्या ओट्यावर पडलेला असतो. स्पर्धेत तो खालून उचलून खांद्यावर घ्यायचा, एवढंच. पण ओट्यावरून मैदानात आणायचा कोणी? आम्ही. बुद्धविहाराच्या गल्लीतले हमाल. आधी माझा बा आणायचा, त्याची कंबर गेली तेव्हापासून मी. टेम्पोत चढवायला दोघं-तिघं लागतात. स्टेजची शिडी मात्र अरुंद, एका वेळी एकच माणूस मावतो. म्हणून शेवटी गोटा मी एकट्यानं खांद्यावर घेतो आणि पायऱ्या चढतो. स्पर्धेतले लोक नुसता खांद्यापर्यंत नेतात, तर ते बळ. मी तोच घेऊन वर चढतो, ती हमाली.

मी खाली उतरलो की गोट्यावर पाणी घालायचे, हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचे. बा म्हणायचा, पूजा आहे. मीही तेच समजत आलो. पण स्पर्धा चालू असताना, मधेच, कसली पूजा? त्या एका बादलीनं मला मागच्या सगळ्या बादल्या समजावून सांगितल्या. बाच्या वेळच्यासुद्धा.

त्या वर्षी मला स्पर्धेत उतरायचं होतं. सगळं दुखणं तिथलंच. महोत्सवाचे अध्यक्ष दादासाहेब. त्यांच्याच गोदामात मी पोती वाहायचो. हिंमत करून त्यांना विचारलं, तर हसले.

"तू त आनतच असतो बे दरसाली. तुले काऊन पायजे स्पर्धा?"

"माह्यं नाव पुकारलं पायजे, दादासाहेब. एकडाव."

"पाहू."

पाहू म्हणजे नाही, हे कळायला स्पर्धेचा दिवस उजाडावा लागला. एकेकाचं नाव पुकारत होते. बापाच्या नावासकट, गावासकट. मागे मातीत माझा बा बसला होता, धुतलेला सदरा घालून. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, आपलं नाव येईल, ऐक. नाव आलं नाही. बादली आली. बानं ते बघितलं. धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते मला त्या वेळी कळलं.

जिंकला दादासाहेबांचा पुतण्या, शरीरसौष्ठवही आणि गोटाही. ढाल मिळाली, फोटो निघाले, फटाके फुटले. गर्दी पांगायला लागली. मंडपवाल्याला फळ्या काढायच्या होत्या आणि गोटा तिथेच, स्टेजच्या मधोमध.

"चाल," दादासाहेब मला म्हणाले, "उचल. मंदिरात पोचव."

"नाई."

"काय म्हनला?"

"ज्यानं जिंकला त्याले सांगा."

मी असा उर्मट नाही. आजवर त्यांच्यापुढे मान वर करून बोललो नव्हतो. शब्द तोंडातून निघून गेले. दादासाहेबांनी पुतण्याकडे पाहिलं. तो ढाल छातीशी धरून उभा.

"काका, अंगाले रंग हाय. फोटो राह्यले अजून."

एवढा तालुक्याचा बलवान. त्याला रंग पुसला जाईल याची भीती.

दादासाहेब ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "उद्यापासून गोदामात येऊ नको." मी गोट्याला हात लावला नाही. पण मागून बा उठून आला. धडपडत, शिडीला धरत वर चढला.

"उचल ना बे पोरा. पाया पडतो तुह्या."

मी हललो नाही. तेव्हा तो दादासाहेबांना हात जोडून म्हणाला, "मी पोचवतो मालक. पोरगं हाय, समजत नाई त्याले." आणि वाकला. मोडक्या कंबरेचा म्हातारा. गोट्याला मिठी घातली. मानेच्या शिरा तटतटल्या, गोटा तसूभर हलला नाही. तो पुन्हा जोर करायला लागला. खाली उभे असलेले एवढे बलवान, एवढे स्नायूवाले, एकही पुढे आला नाही. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. कोणाचा जास्त, ते सांगता येत नाही. बाचाही येत होता.

"सोड, बा."

तो सोडेना. मी त्याची बोटं एकेक करून गोट्यावरून काढली. तो उभा राहायला गेला आणि ओरडला. कंबर धरली होती. पायरी उतरणं शक्यच नव्हतं. मग मी उचलला. गोटा नाही, बाला. खांद्यावर घेऊन त्याच अरुंद शिडीनं खाली आलो आणि तसाच घरापर्यंत गेलो. वाटभर तो रडत होता आणि मला शिव्या देत होता.

दुसऱ्या दिवशी गोटा न्यायला त्यांनी जेसीबी बोलावला. मी लांबून पाहिलं. चालवणारा परगावचा. कुठल्या तरी गटाराच्या नालीचं काम सोडून आलेला, लोखंडी पंजाला काळा चिखल. पंजानं गोटा उचलला, ओट्यावर नेऊन टाकला. चिखल गोट्यावर ओघळला. पाणी आणा, असं कोणी म्हणालं नाही.

त्यानंतर मला गोदाम बंद. बाकीच्या गोदामांनाही फोन गेले असावेत, कारण कोणालाच हमालाची गरज उरली नाही. मी नांदुऱ्याला जातो, व्यापाऱ्यांच्या दारात उभा राहतो. तिथले हमाल नव्या माणसाला पाळीचा नंबर देत नाहीत. कधी एखादी गाडी उतरवायला मिळते, कधी तसाच परत येतो. बा खाटेवरून उठत नाही. बोलतो तेव्हा एकच म्हणतो, "एवढासा दगड होता. नेऊन ठेवला असता त काय मेला असता?" काही संध्याकाळी मला वाटतं, बरोबर बोलतो आहे. हात रिकामे असले की अपमान बारीक दिसायला लागतो. मी खोटं सांगणार नाही, दोनदा दादासाहेबांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

आता पुन्हा चौकात बॅनर लागलं आहे. काल त्यांचा माणूस दारात आला. म्हणाला, "माफी माग, गोटा आन, गोदाम सुरू. दादासाहेबानं सांगतलं."

बानं खाटेवरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला लिहिता येत नाही.

"गोटा आनत नाई," मी म्हणालो. "स्पर्धेत उभा राहीन. नाव पुकारा म्हना. माह्या बाच्या नावासकट."

तो हसला आणि गेला. नाव पुकारणार नाहीत, मला माहीत आहे. तरी मी जाणार. न पुकारता शिडी चढणार, गोटा खांद्यावर घेणार, आणि माझं नाव, बाचं नाव मीच घेणार, माइक नसला तरी. मार बसेल, कदाचित केसही होईल. पण बादली निघाली, तर गोटा खाली ठेवणार नाही. ज्याला तो धुवायचा आहे, त्यानं आधी माझ्या खांद्यावरून उतरवून घ्यावा.