आईचा नंबर कितवा

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजातही कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे मी हे लिहायला बसलोय त्याबद्दल आधीच माफ करा. पण सांगावंसं वाटतंय.

मी जर्मनीत शिकत असताना माझी आई टीव्हीवर आली. ती पनवेलच्या बाजारात मासळी विकते. तिथल्या एका हॉलमध्ये स्वयंपाकाच्या स्पर्धेचं शूटिंग झालं आणि तिने कोलंबीचं सुकं केलं. निकाल तिथेच लागला, पण कार्यक्रम दाखवेपर्यंत तो कुणाला सांगायचा नाही, असं टीव्हीवाल्यांनी बजावलं होतं. आईने ते महिनाभर पाळलं.

"अगं, मी तुझा मुलगा आहे," मी फोनवर म्हणायचो.

"पोरगा हायस म्हनून काय झाला? शब्द दिलाय मी. टीव्ही बघ."

शेवटी तो दिवस आला. पनवेलला संध्याकाळ होती, माझ्याकडे दुपार. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. आई नवी साडी नेसून, हात पदराला पुसत उभी होती. परीक्षकांनी निकालाचा कागद उघडला आणि चित्र थांबलं ते थांबलंच. फोन लावला तर सारखा बिझी. नातेवाईक अभिनंदन करत होते की समजूत काढत होते, काही कळेना.

अर्ध्या तासाने तिचाच फोन आला. "बघितलास ना?"

"नाही गं, मध्येच अडकलं. आता तरी सांग."

"दुसरा नंबर," ती हसत म्हणाली. "पयला माझ्या बाजूला हुबी व्हती तिचा. ती मसाला घरी इसरली व्हती, मीच माझा दिला."